आडबंदरची भुयारी रेल्वे

आडबंदर शहर झालं ते एका मंगळवारी. त्या दिवशी दर्याला उधाण होतं, होड्या गेल्या नव्हत्या, त्यामुळे बातमीकडे लक्ष द्यायला लोकांना वेळ होता.

शहर म्हणजे काय, तर चाळीसेक घरं, दत्तारामचं दुकान, रवळनाथाचं देऊळ, मोडकी जेटी, आणि मोबाईलला रेंज यावी म्हणून चढून बसायचं एक खडप, म्हणजे उघडा कातळ. पण वरून आलेली योजना ‘शहरांतील बंद पडलेल्या भुयारी रेल्वेमार्गांचे पुनरुज्जीवन’ अशी होती. बंद पडलेल्या भुयारी रेल्वे देशात आहेत किती, हा प्रश्न योजना आखताना कुणाला पडला नाही. निधी मार्चच्या आत संपवायची वेळ आली तेव्हा पडला. मग शोधाशोध झाली. आडबंदरला भुयार होतं, भुयारात रूळ होते, आणि रेल्वे रीतसर बंद पडलेली होती. कमी होतं ते फक्त शहर. ते एका आदेशाने पुरवण्यात आलं.

भुयार खाणवाल्यांचं. गावामागचा सडा, म्हणजे कातळाचं पठार, पोखरून त्यांनी पलीकडच्या खाणीपासून अलीकडच्या जेटीपर्यंत अरुंद रूळ टाकले होते. खनिजाच्या ट्रॉल्या यायच्या, मागच्या दोन ट्रॉल्यांत कामगार उभे राहून यायचे. खनिज संपलं तसे खाणवाले गेले. जाताना त्यांनी नेता येईल ते सगळं नेलं. बोगदा नेता येत नव्हता.

म्हणून तो गावाचा झाला. बोगद्याच्या पलीकडे तिठा, तीन रस्ते मिळतात तो, आणि तिठ्यावर एसटी. सड्याला वळसा घालून येणारी गावाची एसटी तोट्यात म्हणून बंद केली होती, आणि तो रस्ता आता खड्ड्यांच्या मधून मधून दिसायचा. मासळीच्या पाट्या, दहावीची पोरं, लग्नाची वऱ्हाडं, सगळं बोगद्यातून जायचं. गावाने ग्रामपंचायतीकडे वर्षानुवर्षं एकच मागणी केली होती, की आत एक बल्ब लावा. ग्रामपंचायत म्हणायची, बोगदा आमच्या हद्दीत आहे, पण आमचा नाही. तो कुणाचा आहे, ते मात्र कुणी सांगत नव्हतं.

भिकाजी परबाला बोगद्याचं काम आठवड्यातून दोनदा पडायचं. त्याच्या बायकोची, यशोदेची, दोन्ही मूत्रपिंडं दमली होती. डायलिसिस ओरोसला, आणि ओरोसची एसटी तिठ्यावर सकाळी. यशोदेला चालवत नव्हतं. तेव्हा तिठ्यावर फॅब्रिकेशनचं दुकान असलेल्या ओंकार मेस्त्रीने करवंदीच्या जाळीतून एका जुन्या ट्रॉलीचा सांगाडा ओढून काढला, चाकं घासली, बेअरिंग घातली आणि वर हाताची लाल प्लास्टिकची खुर्ची जाळ्याच्या दोरीने आवळून बांधली. छतातून पाणी ठिबकायचं म्हणून यशोदा छत्री उघडून बसायची. भिकाजी मागून ढकलायचा. येताना उतार, तेव्हा चाकाला लाकडाचा ठोकळा लावून धरायचा.

भिकाजीचा राग तोंडावर येत नसे. तो पायांत उतरायचा. राग आला की ट्रॉली धावायची.

“हळू,” यशोदा छत्रीखालून म्हणायची. “सरपंचार तापलास, तर सरपंचाक ढकला. माज्यार कित्याक काढतास?”

अशाच एका सकाळी बोगद्याच्या मध्यावर त्यांना तीन हेल्मेटं भेटली. कपाळावर दिवे होते, त्यामुळे माणसं दिसत नव्हती, नुसता उजेड दिसत होता. पुढच्या उजेडाने विचारलं, “हे काय चाललंय?”

“गाडी चाललीय,” भिकाजी म्हणाला.

“कसली गाडी?”

“रेल्वे,” यशोदा म्हणाली. “सरका बाजूक. एसटी चुकात.”

उजेड बाजूला झाला. तो देवेश साहेब होता. मुंबईच्या सल्लागार कंपनीचा. या मार्गाच्या पुनरुज्जीवनाच्या शक्यता तपासायला आला होता. माणूस वाईट नव्हता. त्याचं बोलणं इतकं मऊ होतं की काय काढून घेतलं ते घरी गेल्यावर कळायचं.

“आमच्या नोंदीप्रमाणे ही लाईन बंद आहे, काका.”

“तुमची बंद आसात. आमची चालू आसा.”

“पण रूळ शासनाचे आहेत.”

“रूळ शासनाचे. बायल माजी.”

देवेश हसला आणि यशोदेकडे वळला. “आजी, इथून काचेच्या छताचा डबा गेला तर? बसल्या बसल्या वर बघत जाता येईल.”

यशोदेने छत्री बाजूला करून वर बघितलं. एक थेंब कपाळावर पडला. “वर काय आसा?”

“अनुभव असतो, आजी.”

“माका अनुभव खूप आसा. माका बल्ब होयो.”

देवेशने फोटो काढला. महिन्याभराने त्याचा अहवाल आला, त्याच्या मुखपृष्ठावर यशोदा होती, छत्रीसकट. अहवालात म्हटलं होतं की मार्गावर अनधिकृत प्रवासी वाहतूक चालू असल्याचं आढळलं, यावरून प्रवाशांची मागणी सिद्ध होते. पुढच्याच वाक्यात म्हटलं होतं की हे अतिक्रमण हटवल्यास पुनरुज्जीवनाच्या शक्यता उज्ज्वल आहेत. एकाच बाईला एका वाक्यात पुरावा आणि दुसऱ्या वाक्यात अडथळा करण्याची ही किमया भिकाजीने दत्तारामच्या दुकानात उभ्याने ऐकली. घरी येताना तो इतक्या झपाझप आला की वाटेतल्या कोंबड्या बाजूला झाल्या.

मग जनसुनावणी ठरली. सावली फक्त देवळाच्या सभामंडपात होती, म्हणून ती तिथे ठरली. आणि इथे आडबंदरने ती चूक केली, जी आडबंदरच करू जाणे.

रवळनाथाच्या मांडवात कुठलंही काम गाऱ्हाण्याशिवाय सुरू होत नाही. विहीर खणा, होडी पाण्यात लोटा, नाहीतर क्रिकेटची टूर्नामेंट भरवा, आधी गाऱ्हाणं. आणि गाऱ्हाणं घालायचा मान परबांचा. भिकाजीच्या बापाचा आवाज जेटीवर ऐकू जायचा. भिकाजीचाही निदान दुकानापर्यंत जायचा. डोळे मिटायचे, हात जोडायचे, आणि देवाला गावाची हकिकत सांगत जायची. मधे मधे ‘म्हाराजा’ म्हणून श्वास घ्यायचा. श्वास घेतला की मंडप म्हणतो, ‘व्हय म्हाराजा’. मजकूर कोणी ऐकत नाही. मजकूर देवाने ऐकायचा असतो. मंडपाचं काम ‘व्हय’ म्हणायचं, आणि ते मंडप आईच्या कडेवर असल्यापासून करत आलेला असतो.

भिकाजीने ठरवलं होतं की माईक मिळेपर्यंत थांबायचंच नाही. साहेबाला सांगण्याआधी देवाला सांगायचं. बाजूला कॅमेरा लागला होता, सुनावणीचं चित्रीकरण सक्तीचं होतं. भिकाजीने डोळे मिटले.

“बा देवा रवळनाथा, म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

“आज तुझी सगळी रयत तुझ्या मांडवात जमलेली आसा, म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

“मुंबयसून सायब इलेले आसत, आणि ती खाणीची लाईन परत सुरू करूची म्हणतत, म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

“तेच्यासाठी बोगद्याक दोनय तोंडांनी लोखंडी दारां बसवतले, आणि चालणाऱ्याची वाट बंद करतले, म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

इथे कॅमेरा बंद झाला. भिकाजीचे डोळे मिटलेले होते.

“तर तसा काय एक होवचा नाय, जो ह्या वाटेक आडो येयत तेका तू आडो कर, म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.” हा सगळ्यांत मोठा होता. काही लोकांना तोवर मजकूर कळायला लागला होता. पण कॅमेरावाला तेव्हा चहा पीत होता.

भिकाजीने डोळे उघडले तेव्हा देवेश समोर हात जोडून उभा होता. “काय सुंदर परंपरा आहे, काका. मी इतक्या सुनावण्या घेतल्या, पण असा एकमुखी होकार कुठे मिळाला नाही.”

“होकार कोणी दिलो?”

“सगळ्यांनी. मुद्देनिहाय.”

माईकवर नंतर लोक बोलले. तावातावाने बोलले. त्यांची नोंद ‘सूचना’ या सदरात झाली.

संध्याकाळी दुकानासमोर गाव आपापसात भांडत होतं.

“मी काय व्हय म्हणालंय नाय,” दत्ताराम म्हणाला.

“तू सगळ्यांत मोट्यान वरडलंस. माज्या कानात अजून घुमता.”

“तां सवयीन.”

“मगे? आमी काय करारान म्हणालंव?”

भिकाजी एका बाजूला उभा होता. कोणी त्याच्याकडे बघत नव्हतं, आणि हेच त्याला लागलं. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. बापाच्या आवाजाने होड्या पाण्यात गेल्या होत्या. त्याच्या आवाजाने बोगदा विकला गेला होता.

पुढच्या आठवड्यात ट्रॉलीला साखळी आणि कुलूप लागलं. भिकाजीने यशोदेला रिक्षात घालून सड्याला वळसा मारला. पहिल्या खेपेला खड्ड्यांतून जपत जाता जाता एसटी निघून गेली. दुसऱ्या खेपेला रिक्षाचा धुरा मोडला आणि ती दोघं सड्यावर बसून राहिली, आजूबाजूला फुललेलं गवत बघत, जे बघायला पर्यटक म्हणे लांबून येतात. यशोदेचे पाय सुजून घागरीसारखे झाले होते. तोंडही सुजलं होतं. ती बोलत नव्हती, आणि यशोदा बोलत नाही म्हणजे काय, हे भिकाजीला माहीत होतं.

तो मालवणला प्रकल्प कार्यालयात गेला. कार्यालयात थंडगार होतं आणि भिंतीवर काचेच्या छताच्या डब्याचं चित्र होतं. डब्यात गोरी माणसं वर बघून हसत होती. चित्रातल्या बोगद्यात भरपूर दिवे होते.

“साहेब, माझी बायको मरेल,” भिकाजी शुद्ध मराठीत म्हणाला. कार्यालयात माणूस आपोआप शुद्ध बोलतो, मरणाबद्दलसुद्धा.

देवेशने त्याला पाणी दिलं. “मला खरंच वाईट वाटतं, काका. पण सुरक्षिततेचा प्रश्न आहे. उद्या आत कुणाला काही झालं तर जबाबदार कोण? आणि गावाची मंजुरी आहे.”

“ती मंजुरी नव्हती. ते गाऱ्हाणं होतं. मी देवाशी बोलत होतो.”

“देवाचा अभिप्राय आम्ही मागवला नव्हता. लोकांचा मागवला होता. लोक ‘व्हय’ म्हणाले. त्यावर मी काय करू शकतो?”

“बोलणं पुरं होण्याआधी कॅमेरा बंद केलात.”

“मुद्दे संपले होते, काका.”

भिकाजी उठला. पाणी तसंच ठेवलं. एसटीला वेळ होता, तरी तो बस स्टँडपर्यंत अशा पावलांनी गेला की दोन रिक्षावाल्यांनी विचारलं, कोण गेलं का.

दारांचं काम ओंकार मेस्त्रीला मिळालं. ज्याने ट्रॉली केली त्यानेच. भिकाजी त्याच्या दुकानात जाऊन नुसता उभा राहिला. दोन भलीमोठी, गजांची लोखंडी दारं भिंतीला टेकवून ठेवली होती, त्यांवर लाल प्रायमर.

“असो बघा नको, भिकाजीकाका,” ओंकार म्हणाला. “मी केलंय नाय तर कुडाळचो कोण तरी करीत.”

“मगे कुडाळचो करूने होतो. तेका मी शिव्यो तरी दिलंय असतंय.”

“माका देवा.”

“तुका नाय देवक येवच्यो. तू तिची खुर्ची बांधलंस.”

ओंकारने वेल्डिंगचा चष्मा कपाळावरून काढून डोळ्यांवर घेतला, काहीही वेल्ड करायचं नसताना. मग म्हणाला, “पण एक सांगतंय. तो सडो रवळनाथाचो. गाऱ्हाणा नसताना माजी माणसां त्या खडपात ड्रिल लावची नाय. सायबाक मी तसा सांगितलंय.”

त्यामुळे दुसऱ्या दिवशी भिकाजी खडपावर असताना देवेशचा फोन आला. शुभारंभाला पाहुणे येणार आहेत, मुंबईहून खास चित्रीकरण आहे, आणि काकांच्या गाऱ्हाण्याशिवाय शोभा नाही. स्थानिक सहभाग दिसायला हवा.

भिकाजीने फोन ठेवला आणि घरी येऊन दारापुढच्या खळ्यात तीन फेऱ्या मारल्या. “नाय जावचंय. तेंच्या तोंडार सांगतंय, नाय म्हणान.”

यशोदा ओटीवर पाय उंच करून पडली होती. “नाय सांगू नकात. तुमी नाय म्हणालास तर ते दुसरो कोण भाड्यान आणतले.”

“मगे काय करू? परत व्हय म्हणवन घेव?”

“व्हय.” ती धापा टाकत होती, म्हणून तुकड्यातुकड्याने बोलली. “पण गेल्या टायमाक श्वास नको थय घेतलास. ह्या टायमाक श्वास खंय घेवचो, तां बघा.”

शुभारंभाला बोगद्याच्या तोंडाशी मांडव होता. ‘आडबंदर भुयारी स्थानक’ अशी निळी पाटी लागली होती. पाहुण्यांना फेटे बांधले होते. सूत्रसंचालन करणारी मुलगी त्यांना शिकवत होती, की काका ‘म्हाराजा’ म्हणाले की सगळ्यांनी जोरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं, व्हिडिओत छान येतं. पाहुण्यांनी दोनदा तालीम केली. देवेशचा आवाज सगळ्यांत चांगला लागला. बाजूला ओंकारची माणसं ड्रिल घेऊन उभी होती आणि दारं जमिनीवर आडवी पडली होती. मागे गाव उभं होतं, ओठ मिटून. या वेळी काही झालं तरी ‘व्हय’ म्हणायचं नाही, असं दत्तारामने सगळ्यांकडून कबूल करून घेतलं होतं.

भिकाजीने डोळे मिटले नाहीत. देवेशच्या डोळ्यांत बघत त्याने हात जोडले.

“बा देवा रवळनाथा, म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” फेटे म्हणाले. गाव गप्प.

भिकाजीने छाती भरून घेतली. मग त्याच्या बापाचा आवाज बाहेर आला.

“ह्यो बोगदो चालणाऱ्याचो आसा आणि आजाऱ्याचो आसा, तेका दार लावचा नाय, कुलूप लावचा नाय, माज्या बायलेच्या ट्रॉलीची साखळी ह्याच घडयेक सोडूची, आणि जो कोण ह्या दाराचो एक खिळो सुदीक तुझ्या खडपात मारीत, मगे तो हयचो असो नायतर मुंबयचो असो, तेच्या घरातला आजारी माणूस असाच सड्यार बसान रवांदे, म्हाराजा.”

एवढ्या लांब वाक्यात तोडायला जागाच नव्हती. ‘म्हाराजा’ एकदाच आलं, शेवटी, आणि फेट्यांना तेवढंच ठाऊक होतं.

“व्हय म्हाराजा.”

कॅमेरा चालू होता. देवेश अर्थ कळायच्या आधीच, तालाच्या भरात ‘व्हय’ म्हणून गेला होता. त्याचा चेहरा नंतर बदलला. आणि मग मागून, ठरलेलं सगळं विसरून, गाव गर्जलं. दत्तारामचा आवाज पुन्हा सगळ्यांत मोठा होता.

देवेश हसत पुढे आला. “छान. ओंकार, घ्या सुरुवात करून.”

ओंकारने ड्रिलची वायर गुंडाळायला घेतली होती. “सायबानु, आताच तर तुमी व्हय म्हणालास.”

“अहो, ते गाऱ्हाणं आहे. त्याला काही कायदेशीर अर्थ नसतो.”

भिकाजीने जोडलेले हात सोडले.

“नसतो ना?” भिकाजी शुद्ध मराठीत म्हणाला. “मग त्या दिवशी देवळातून काय उचलून नेलंत?”

देवेशने खिशातला फोन काढला, जो वाजत नव्हता. आडबंदरला रेंज फक्त खडपावर येते. फोन कानाला लावून तो गाडीपर्यंत बोलत गेला.

दारं बसवायला आणलेल्या ग्राइंडरने ओंकारने ट्रॉलीची साखळी कापली. ठिणग्या उडाल्या, त्याही व्हिडिओत आल्या असतील.

त्याला आता दोन महिने होऊन गेले. काम प्रगतिपथावर आहे, असं मालवणच्या कार्यालयात सांगतात. दारं होती तिथेच आडवी पडली आहेत. बायका त्यांवर बांगडे सुकत घालतात, गजांमधून खालून वारा चांगला लागतो. निळी पाटी आहे. पाटीवर सौर दिवा आहे, तो पाटीपुरता पडतो. आत बल्ब नाही.

गावात भिकाजीला आता मान आहे. लोक त्याच्याकडे बघतात. तो कुणाकडे बघत नाही. त्याला माहीत आहे की एक दिवस लांबून कोणीतरी कामगार आणतील, ज्यांना रवळनाथ माहीत नाही, आणि ती पोटाला आलेली माणसं निमूट भोकं पाडतील. आणि चुकलेल्या त्या दोन खेपांनंतर यशोदेच्या पायांची सूज पुरती उतरली नाही, ती नाहीच. डॉक्टर सांगतात, बघू. ‘बघू’ या शब्दाचा त्याला सरकारात पुष्कळ अनुभव आहे.

आज सकाळी पाटीखालून जाताना यशोदेने मान वर करून ती वाचली. “स्थानक,” ती म्हणाली. “आणि गाडी?”

“तू बसलंस ती.”

“मगे पाटयेर माजा नाव कित्याक नाय?”

 भिकाजीने छत्री उघडून तिच्या हातात दिली, बॅटरी दातांत धरली आणि ट्रॉलीला खांदा लावला. ट्रॉली अंधारात शिरली आणि धावायला लागली, रूळ खडखडायला लागले, थेंब छत्रीवर तडतडायला लागले, वेग वाढत गेला. तो वाट बघत होता. पण आज यशोदा ‘हळू’ म्हणाली नाही. तिने मोकळ्या हाताने खुर्ची घट्ट धरली आणि म्हणाली, “जोरात.”